बाहेरून उघडत नाही

"आई, पांढऱ्या डबीवर कंच्या लायटी लागल्यात?"

"थांब गं, बघते," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. गॅसवर आमटी उकळत होती, एका हातात हळदीची वाटी होती आणि पांढरी डबी समोरच, टीव्हीच्या फळीवर होती. ती बघायला उठायची काही गरज नव्हती. तरी त्यांनी उगीचच "आई गं, गुडघा" असं म्हणून घेतलं, म्हणजे पाथर्डीकडं माहेरी बसलेल्या सुनेला वाटावं की सासू उठली, चालत गेली आणि वाकून बघतेय.

"वरच्या दोन हिरव्या हायेत. खालची लाल. सारखी उघडझाप करतीय."

"लाल? बरं. काळा डबा चालू हाय का? घुर्र घुर्र आवाज येतो बघा त्याचा."

"येतोय की."

"आन तुमच्या मोबाईलवर आल्बम उघडतोय?"

मनकर्णाबाईंनी पदराला बोटं पुसून मोबाईलवर दाबलं. "उघडतोय. ही बघ, दिशा हौदात बसलीय, टॉवेल डोक्यावर घिऊन."

"म्हंजी घरातल्या घरात उघडतंय. बाहेरून उघडत न्हाई." पंकजाचा आवाज एखाद्या डॉक्टरणीसारखा गंभीर झाला. "पिवळी वायर बघा बरं, आई. डबीच्या मागं नीट बसलीय का?"

पिवळी वायर नीट बसलेली नव्हती. तिचं टोक फळीवरून खाली लोंबत होतं. तासाभरापूर्वी मनकर्णाबाईंनीच ते स्वतःच्या हातानं उपसून काढलं होतं.

"बसल्यावानी दिसतीय बाई. पन मला चष्म्याबिगर काय कळतंय? तू सावकाश सांग, मी करते."

सावकाश हा शब्द महत्त्वाचा. वायर जागेवर गेली की खालचा दिवा हिरवा होणार, तिकडं आल्बम उघडणार, आणि सून म्हणणार, 'उघडलं आई, ठेवते मग.' म्हणून मनकर्णाबाई आधी चष्मा शोधायच्या. चष्मा कपाळावर असायचा, तरी शोधायच्या. शोधता शोधता नात दिशानं आज काय खाल्लं, तिचा खोकला गेला का, अंगणवाडीत जाताना रडते का, हे सगळं विचारून व्हायचं. पंकजाही एकेक उत्तर लांबवून द्यायची. मग केव्हा तरी चष्मा सापडायचा.

"आगं बया, निसटलीच हुती की वायर."

"बसवा. काडकन वाजलं पायजे. वाजलं?"

"वाजलं."

"उघडलं आई. ठेवते मग."

आमटी तोवर निम्मी आटलेली असायची.

मनकर्णाबाईंबद्दल सांगण्यासारखं तसं काही नाही. पुणतांब्यात कुणालाही विचारलंत तर 'ती पेरूवाली का?' एवढंच म्हणतील आणि घर दाखवतील. नवरा लवकर गेला. मागं पेरूची लहानशी बाग आणि एक मुलगा राहिला. बाग राखली, मुलगा वाढवला. सकाळी पेरू तोडायचे, ओट्यावर बसून मोठे-बारके वेगळे करायचे, क्रेट भरायचे आणि राहात्याच्या टेम्पोत चढवायचे. शेजारची गोजरबाई हाताखाली यायची. गोजरबाईचे हात बरे चालायचे, पण कान त्याहून चांगले चालायचे. मनकर्णाबाईंचं आयुष्य कुणी लिहायला घेतलं असतं तर पेरूपासून सुरू होऊन पेरूवरच संपलं असतं, आणि त्याबद्दल त्यांची काहीही तक्रार नव्हती.

मुलगा ज्ञानेश्वर शिर्डीच्या लॉजमध्ये कॅमेरे बसवायचा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. एकदा एका लॉजवाल्यानं टाकून दिलेला काळा कॉम्प्युटर तो घरी घेऊन आला. आई म्हणाली, भंगारवाल्याला चार पैसे मिळाले असते, ते तू मिळू दिले नाहीस. ज्ञानेश्वर हसला. रविवारभर खाली मान घालून बसला आणि संध्याकाळी आईच्या मोबाईलवर सगळ्या घराचे फोटो दाखवले. लग्नाचे, बारशाचे, बागेतले. बोलतानाचे व्हिडिओसुद्धा.

"फोटू ठेवायला जागा देनाऱ्या कंपन्या हायेत म्हनं," आई म्हणाली होती. तेवढं त्यांच्या कानावर होतं.

"हायेत. पन आपले फोटू लोकांच्या घरात कशाला ठेवायचे? आपल्याला काय घर न्हाई का? ह्यो काळा डबा म्हंजी आपलं कपाट. ही पांढरी डबी म्हंजी दार. आन ही पिवळी वायर म्हंजी रस्ता. मी शिर्डीत आसू न्हाई तर दिल्लीत, मोबाईलवर पत्ता टाकला की आपलं कपाट उघडतंय."

"आन चोर आला तर?"

"पासवर्ड हाय की, आई."

दिल्लीला काही तो गेला नाही. साध्या तापाचं निमित्त झालं. रक्तातल्या पेशी उतरल्या म्हणाले, राहात्याहून नगरला हलवा म्हणाले, आणि नगरला पोचल्यावर कुणी फारसं काही म्हणालंच नाही. दहावा गोदावरीच्या घाटावर झाला. दिशा तेव्हा दोन वर्षांची होती. घाटाच्या पायरीवर बसून मुंग्यांशी बोलत होती. घरी येऊन बघतात तर काळा डबा आपला चालूच. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पंकजा काही महिने राहिली. मग तिचा भाऊ अंगद जीप घेऊन आला. तो वाईट माणूस नव्हता. त्यांचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे, घर त्याच्यावरच होतं, आणि बहीण या वयात एकटी सासूपाशी बसून काय करणार, ही काळजी कुठल्याही भावाला पडावी अशीच होती. मनकर्णाबाईंनी अडवलं नाही. विधवेची ओटी भरत नाहीत, म्हणून त्यांनी निवडक पेरूंचा एक क्रेट जीपमध्ये ठेवला. जीप वळली तशी दिशानं मागच्या काचेला नाक चिकटवलं. एवढं आठवतं, पुढचं त्यांना आठवायचं नव्हतं.

नंतर त्यांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा अंगदनं उचलला. दुसऱ्या वेळी तो फार नरमाईनं म्हणाला, "मावशी, ती आत्ता कुठं सावरतीय. सारखी सारखी आठवण नका करून देऊ." तो रागावून बोलला असता तर मनकर्णाबाईंनी तिसऱ्यांदा फोन केला असता. नरमाईपुढं त्यांचं काही चाललं नाही. आणि पंकजाचाही फोन येईना. माहेरी आलेल्या लेकीनं उठसूट सासरी काय म्हणून फोन करायचा? भावजय विचारणारच.

मग एकदा सोसाट्याचं वारं सुटलं आणि खांबावरची पिवळी वायर तुटली. त्याच संध्याकाळी फोन वाजला. "आई, मी पंकजा. आल्बम उघडत न्हाई, काय झालं बघा ना." आल्बम उघडत नाही, हे कारण कुणालाही सांगता येण्यासारखं होतं. भावजयीलाही. वायर जोडली जाईपर्यंत सुनेचे चार फोन आले आणि मनकर्णाबाई चार दिवस चांगलं जेवल्या.

नंतर सगळं सुरळीत सुरू झालं आणि फोन बंद झाले. दिवाळीच्या साफसफाईत फळी पुसताना वायर हलली, दिवा लाल झाला, की लगेच फोन! मनकर्णाबाई शाळेत फार गेल्या नव्हत्या, पण एवढं गणित कुणालाही सुटलं असतं.

तिसऱ्या वेळी त्यांनी वायर स्वतः काढली.

त्यांना त्याची लाज वाटायची. साधी नाही, देवासमोर उभं राहवत नाही अशी लाज. तिकडं पोर बापाचा चेहरा बघायला मोबाईल घेऊन बसली असेल आणि इथं आजी रस्ता तोडून बसलीय, असं त्यांच्या मनात यायचं. पुन्हा नाही काढणार असं त्या ठरवायच्या. आठवडा जायचा. घरात बोलायला कुणी नसायचं, गोजरबाई सुनेचीच खबर विचारायची, आणि सांगायला काही नसायचं. मग हळदीचा हात फळीकडं जायचा.

एके दिवशी मात्र गंमत झाली. वायर काडकन बसली आणि खालचा दिवा काही हिरवा होईना.

"आई, पुन्हा काढून घाला."

"घातली."

"वाजलं का?"

"वाजलं गं. पन लालच हाय."

"डबीचं बटन बंद करा. थोडं थांबा. आता चालू करा."

"केलं. लालच."

"आई, चष्मा लावलाय ना?"

"लावलाय गं बाई! आज लावलाय!" मनकर्णाबाई रडकुंडीला आल्या. त्यांनी डबा बंद केला, चालू केला, पिन फुंकली, पदरानं पुसली, पुन्हा घातली. पंकजानंही तिकडून सगळे उपाय सांगून पाहिले. दोघींचाही आवाज खाली गेला होता. इतके दिवस खोटा आजार काढला आणि आता खराच जडला, असं मनकर्णाबाईंच्या मनात आलं.

"राहू द्या आई," पंकजा शेवटी म्हणाली. "मी कानिफभाऊजींना सांगते."

कानिफनाथ म्हणजे ज्ञानेश्वरचा दोस्त. गावात नेटच्या लायनी त्यानंच ओढल्या होत्या. पूर्वी डिशच्या छत्र्या बसवायचा, आता हे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, चप्पल काढली, फळीवरच्या ज्ञानेश्वरच्या फोटोकडं न बघता डबी खाली घेतली आणि पिवळ्या वायरीची पिन डोळ्यांजवळ धरली. मनकर्णाबाई चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"मावशी, हिकडं या जरा."

त्या आल्या.

"ह्या पिनंच्या तोंडाला आत काच असती. केसाएवढी. त्या काचंतनं उजेड जातो, म्हनून नेट चालतं. धुळीचा कण बसला तरी उजेड अडतो." त्यानं पिन त्यांच्यापुढं केली. "ही सारखी काढून घालून झिजलीय. आन तोंडाला काय लागलंय बघा."

पिनेच्या तोंडाला हळद लागली होती. पिवळ्या वायरीवर पिवळी हळद. तरीसुद्धा दिसत होती.

मनकर्णाबाई खालीच बसल्या. "मला पाप लागंल रं कानिफ," त्या म्हणाल्या, आणि मग जे बोलल्या ते रडण्यात मिसळून गेलं. पोरीला बापाचं तोंड दिसू दिलं नाही, स्वतःच्या नातीला, एका फोनपायी, असलं काहीतरी. कानिफनाथ गोंधळला. बायका रडायला लागल्या की काय करायचं हे त्याला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

"आवो मावशी, आसं कुनी सांगितलं तुमाला?" तो म्हणाला. "वहिनीकडं सगळं हाय की. जायच्या आदल्या दिवशी मीच तर समदा आल्बम भरून दिला त्यांना. एका डिस्कमधी दिला, वर मोबाईलमधीबी टाकला. फोटू, व्हिडिओ, सगळं. दिशा रोज बघत आसंल तिकडं. त्यांना हितलं उघडायची काय गरजच न्हाई."

मनकर्णाबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला.

"गरज न्हाई?"

"न्हाई."

"मंग ती फोन कशापायी करती?"

कानिफनाथनं पिशवीतून कात्री काढली. तो जुनी पिन कापून नवी लावायला लागला. काम बारीक होतं, मान खाली घालूनच करावं लागतं, आणि त्या दिवशी त्यानं ती जरा जास्तच खाली घातली.

मनकर्णाबाई विचार करत राहिल्या. आल्बम बंद पडला की तासाभरात फोन यायचा. म्हणजे ती रोज उघडून बघत होती. जवळ सगळं असताना, गरज नसताना, रोज संध्याकाळी ती या घराचं दार लोटून बघत होती, की आतनं कडी लागलीय का. लागली असेल तर फोन करायचा. सासूचा चष्मा कपाळावर असतो, हेही तिला ठाऊक असणार. सात वर्षं एका घरात काढली होती तिनं. मनकर्णाबाईंना हसू आलं आणि पुन्हा रडू आलं. किती दिवस दोघी एकमेकींना फसवत होत्या, आणि फसत मात्र कुणीच नव्हतं.

खालचा दिवा हिरवा झाला. कानिफनाथनं चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. दारात चपला घालता घालता परत आत आला आणि पिन हातात धरून म्हणाला, "मावशी, काढायची आसंल तर अशी. हिकडून दाबायचं आन सरळ वढायची. वाकडी न्हाई वढायची. आन हात धुवून."

पुढच्या वेळी त्यांनी हात साबणानं धुतले, कोरडे केले, मग वायर काढली. फोन यायला त्या दिवशी उशीर झाला. आला तेव्हा पंकजानं दिव्यांचं काही विचारलं नाही.

"आई, येक बोलायचं हुतं."

"बोल की."

"येक स्थळ आलंय. शेवगावचं. आजिनाथ नाव हाय. हार्डवेअरचं दुकान हाय त्यांचं. त्यांचीबी पहिली बायको वारली. मूलबाळ न्हाई."

मनकर्णाबाईंनी गॅस बंद केला. या फोनची वाट त्या बघत नव्हत्या, पण येणार हे त्यांना माहीत होतं. तिशीसुद्धा न गाठलेली पोर. अंगद काही तिला जन्मभर घरात बसवून ठेवणार नव्हता, आणि ठेवू नये.

"मानूस कसा हाय?"

"कमी बोलतो. दिशानं त्याचा चष्मा वढून घेतला तर रागावला न्हाई. तसाच बसला, आंधळ्यावानी."

"दिशाला नेनार हाय ना संगं?"

"व्हय. ते पहिलं विचारलं मी."

"मंग झालं की गं."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग पंकजा म्हणाली, "त्यांची आई म्हनती, मागचं घर मागं ठिवायचं. येनंजानं न्हाई, फोन न्हाई. पोर लहान हाय, तिला येकच घर कळू द्या म्हनती."

त्या बाईला शिव्या द्याव्यात असं मनकर्णाबाईंना क्षणभर वाटलं, आणि द्यायला गेल्या तर एकही सुचेना. काय चुकलं होतं तिचं? आपण तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पोर दोन दारांत उभी राहिली की धड कुठल्याच घरात शिरत नाही. मनकर्णाबाईंना हे पटत होतं, आणि पटत होतं याचाच जास्त त्रास होत होता.

"आई, तुमी न्हाई म्हना," पंकजा एकदम म्हणाली. "तुमी न्हाई म्हनल्या तर मी न्हाई करनार. दादाला सांगीन, आईंनी न्हाई म्हनलं."

एक शब्द बोलला की झालं असतं. न्हाई. मग संध्याकाळी वायर काढायची, चष्मा शोधायचा, दिशाचा खोकला विचारायचा. वर्षानुवर्षं. त्यांना तो शब्द जिभेवर आल्याचं कळलं. त्यांनी तो गिळला. गिळायला वेळ लागला.

"कर," त्या म्हणाल्या. "मी सांगते, कर. ज्ञानाचंबी हेच म्हननं आसतं."

पंकजा रडत होती. अंगदच्या घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बहुधा तोंडावर हात ठेवून. मनकर्णाबाईंनी तिला थोडं रडू दिलं. मग खाकरून म्हणाल्या, "बरं, ते जाऊ दे. हितं लाल लायट लागलीय बघ. काय करू सांग."

"पिवळी वायर... बघा."

"निसटलीय. घालू?"

"घाला आई."

"घातली. वाजलं बघ. उघडलं का?"

"उघडलं."

"मंग ठेवते," मनकर्णाबाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आले होते.

लग्न मोहट्याला देवीच्या देवळात झालं म्हणे, मोजक्या माणसांत. हे कानिफनाथनं सांगितलं. मनकर्णाबाईंना बोलावणं नव्हतं आणि नसावं हेच बरोबर होतं. त्या दिवशी त्यांनी पुरणाचा स्वयंपाक केला, नैवेद्य दाखवला आणि गोजरबाईनं विचारलं तेव्हा 'आज खावंसं वाटलं' असं सांगितलं.

त्यानंतर त्यांनी वायरीला हात लावला नाही. नव्या घरात सुनेला आपल्यामुळं कुणी बोलू नये. तिनं मोबाईल उघडून बघितलाच, तर दार उघडं दिसावं. कडी लागलीय म्हणून जीव खाली-वर होऊ नये. आता त्या फळी पुसतानासुद्धा डबीच्या भोवतीनं फडकं फिरवायच्या. दिवे हिरवे असायचे. फोन वाजायचा तो टेम्पोवाल्याचा, क्रेट किती आहेत विचारायला.

आपल्याला सवय होईल असं त्यांना वाटलं होतं. झाली नाही. संध्याकाळ झाली की आमटी आपली मुकाट शिजायची, वेळेवर व्हायची, आणि ती वेळेवर झालेली आमटी त्यांना गिळवत नसे.

पेरूचा हंगाम भरात आला. एका सकाळी ओट्यावर ढीग पडला होता, मनकर्णाबाई आणि गोजरबाई समोरासमोर बसून निवडत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"हॅलो, नेटवाले बोलताय का?" पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. पुस्तकी, मोठा, सगळ्यांना ऐकू जावा असा. "नेटची कंप्लेंट द्यायची होती."

"कोन? राँग नं..." मनकर्णाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. हा आवाज त्यांनी अंधारातसुद्धा ओळखला असता.

"दादा, आमचं बाहेरून उघडत नाही," आवाज म्हणाला.

मागून कुणीतरी म्हातारी विचारत होती, कुणाशी बोलतीस गं. "नेटवाल्यांशी, आत्याबाई," पंकजानं तिकडं तोंड करून सांगितलं.

आत्याबाई. नव्या सासूला ती आत्याबाई म्हणत होती. आई म्हणत नव्हती. मनकर्णाबाईंनी हातातला पेरू खाली ठेवला, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि ओट्यावरून उठून आत आल्या. गुडघा खरंच दुखला. समोर फळीवर डबीचे सगळे दिवे हिरवे होते.

"बोला मॅडम," त्या म्हणाल्या. आवाज जरा जाडच केला त्यांनी. त्याची काही गरज नव्हती, पलीकडं त्यांचा आवाज कुणाला ऐकू जाणार होता? पण काम अंगावर आलं की नीट करायचं हा त्यांचा स्वभाव. "कंच्या लायटी लागल्यात तुमच्याकडं?"

पंकजा हलकेच खाकरली. मग ती म्हणाली, "हिरव्याच आहेत, दादा. बाकी सगळं ठीक आहे."

"सगळं ठीक हाय? काही तरास न्हाई ना?"

"नाही. काही त्रास नाही. तुमच्याकडं?"

"आमच्याकडंबी चालू हाय मॅडम. सगळं चालू हाय."

"दादा, जरा लाईनवर थांबा हं. मी तिकडची वायर बघून येते. फोन ठेवू नका."

मोबाईल कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. मनकर्णाबाईंनी दुसरा कान हातानं झाकला. आधी पाण्याचा आवाज आला, कुणीतरी बादली सरकवली. मग अगदी जवळून, फोन शेजारीच ठेवला असावा इतक्या जवळून, दिशाचा आवाज आला. मोठी झाली होती. शब्द पूर्ण म्हणत होती.

"पप्पा, ही चप्पल डावी का उजवी?"

"डावी," पुरुषाचा आवाज म्हणाला, सावकाश. "दुसऱ्या पायात. थांब, मी घालतो."

"पप्पा, बंद लावा ना."

"लावतो. पाय हलवू नको."

मनकर्णाबाईंनी भिंतीला पाठ टेकली. पप्पा. हा शब्द काळ्या डब्यातही होता, कितीतरी वेळा, हौदाच्या व्हिडिओत, बागेतल्या व्हिडिओत, ज्ञानेश्वरकडं बघून म्हटलेला. आता तो शेवगावात राहायला गेला होता. फार दुखलं. आणि तो माणूस खाली बसून पोरीच्या चपलेचा बंद लावतोय, हे ऐकून बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटल्यावर माणसानं नेमकं काय करायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तोंडात पदर धरला आणि ऐकत राहिल्या. फटफटी सुरू झाली. दिशा कुणाला तरी टाटा म्हणाली. फटफटी लांब गेली.

"हॅलो दादा, लाईन तपासली का?" पंकजा परत आली होती.

"तपासली मॅडम." मनकर्णाबाईंनी पदर सोडला. "लई सोच्छ ऐकू आलं. पहिल्यापरीस सोच्छ."

"बरं झालं." पंकजाचा आवाज पुस्तकीच होता, पण फार बारीक झाला होता. "परत बंद पडलं तर?"

"तर करा की फोन. कवाबी करा. आमी हितंच हाय."

"ठेवते मग."

"ठेवा मॅडम."

मनकर्णाबाईंनी मोरीत तोंडावर पाणी मारलं, चेहरा पुसला आणि बाहेर येऊन आपल्या जागेवर बसल्या. गोजरबाईचे हात चालू होते आणि कान टवकारलेले होते.

"कुनाचा गं फोन एवढा येळ?"

"नेटवाल्याचा."

"काय म्हनत हुता?"

"काय न्हाई." मनकर्णाबाईंनी रिकामा क्रेट पुढं ओढला आणि तळाला पेपर अंथरला. "सगळं नीट चाललंय का, इचारत हुता."

"मंग काय सांगितलं?"

"चाललंय म्हनलं," त्या म्हणाल्या आणि पेरू रचायला लागल्या.